मॅक की विंडोज : एका ड्रायव्हरवर अडलेला निर्णय

प्रश्न कसा आला

कारखान्यांचे ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या एक स्वतंत्र सल्लागार फेब्रुवारी २०२५ मध्ये माझ्याकडे आल्या. जुना विंडोज लॅपटॉप बदलायचा आहे, तर या खेपेला मॅक घ्यावा का, असे त्यांनी विचारले. उत्तर त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवलेले होते आणि मी त्याला दुजोरा द्यावा एवढीच अपेक्षा होती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. मी स्वतः रोजच्या कामासाठी मॅक वापरतो, त्यामुळे दुजोरा देणे मलाही सोपे होते. ही माझी बाजू वाचकाला आधीच ठाऊक असलेली बरी.

लॅपटॉप बदलणे टाळता येण्यासारखे नव्हते. जुना लॅपटॉप २०१७ चा होता आणि त्यात सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, म्हणून त्याच लॅपटॉपवर नवी विंडोज अधिकृतपणे बसणार नव्हती. ग्राहकांच्या विजेच्या बिलांपासून यंत्रांच्या आराखड्यांपर्यंत बरीच गोपनीय माहिती ज्या यंत्रावर असते, ते सुरक्षा-अद्यतनांशिवाय वापरत राहणे त्यांना मान्य नव्हते आणि ते योग्यच होते.

मॅक हवा असण्याची त्यांची कारणेही खरी होती. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासात मान टाकत असे, बैठकीत पंख्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाई, आणि आयफोनवर काढलेले यंत्रांच्या नामपट्ट्यांचे फोटो लॅपटॉपवर घेण्यात रोज संध्याकाळी वेळ जाई. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ ही स्वतःची चिप आणल्यापासून मॅकबुक एअर पंख्याशिवाय चालतो आणि एका चार्जिंगवर कामाचा दिवस सहज काढतो. परिचितांच्या मॅकवर त्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलेले होते.

दोन आठवड्यांची नोंदवही

कोणता लॅपटॉप चांगला, या चर्चेत शिरण्याआधी मी त्यांना एक कंटाळवाणे काम दिले. चौदा दिवस, जो जो प्रोग्राम उघडला जाईल, जी जी वस्तू लॅपटॉपला जोडली जाईल आणि बाहेरून ज्या ज्या प्रकारची फाइल येईल, तिची वहीत नोंद करायची, आणि शेजारी लिहायचे की हे काम दुसऱ्या कोणत्या मार्गाने होऊ शकते. कामाविषयी विचारले की माणूस जे वारंवार करतो तेच सांगतो, आणि जे महिन्यातून दोनदाच करतो पण ज्यावाचून कामच उभे राहत नाही, ते नेमके विसरतो. या अडचणीवर मला तरी नोंदवहीपेक्षा चांगला उपाय सापडलेला नाही.

वहीतली बहुतेक पाने निकालाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. ईमेल, ब्राउझर, व्हिडिओ बैठका, वर्डमधले अहवाल, पीडीएफवरील शेरे आणि ग्राहकांचे व्हीपीएन हे सारे दोन्हीकडे सारखेच चालते. एका ग्राहकाचे पेन ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस या साठवण-पद्धतीचे असत. मॅक ते वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहू शकत नाही. देवाणघेवाणीसाठी दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीचे स्वतःचे ड्राइव्ह ठेवले की हा प्रश्न मिटतो, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला.

उरल्या तीन गोष्टी : एक्सेलचे एक जुने वर्कबुक, टेबलावरचे दोन मॉनिटर आणि बारा लॉगर.

लॉगर म्हणजे विजेच्या पॅनेलवर बसवले जाणारे छोटे नोंदयंत्र. ते ठरावीक अंतराने प्रवाह, दाब आणि पॉवर फॅक्टर टिपत राहते. सात दिवसांनी ते काढून आणायचे, यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडायचे आणि निर्मात्याच्या प्रोग्राममधून नोंदी उतरवायच्या. या लॉगरमध्ये मेमरी कार्ड होते आणि त्यावर नोंदींची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची, फाइल तयार होत असे. त्यामुळे वायरीचे काय, कार्ड काढून कुठल्याही लॅपटॉपवर वाचता येईल, असे मी पहिल्या भेटीत बोलून गेलो. वहीने माझे म्हणणे खोडून काढले. नोंदी कार्डावर मिळत हे खरे, पण लॉगर बसवण्यापूर्वी त्याचे घड्याळ लावणे, नोंदींमधले अंतर ठरवणे आणि मोठा प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचे गुणोत्तर भरणे ही कामे फक्त वायरीवरून आणि फक्त त्या प्रोग्राममधूनच होत. बारा लॉगरांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील, तर कोणत्या क्षणी कोणते यंत्र सुरू झाले याचा मेळ बसत नाही आणि आठवड्याची मोजणी वाया जाते. हे काम महिन्यातून दोन-तीनदाच, प्रत्येक वेळी तासाभराचे, पण त्याला पर्याय नव्हता.

उसन्या मॅकवरील चार दिवस

यानंतर त्यांनी एम३ चिपचा एक मॅकबुक एअर चार दिवसांसाठी मागून आणला. त्यांच्या कामाला सरावलेले यंत्र शेजारी असताना नवे यंत्र त्याच खऱ्या फाइलींवर चालवून पाहणे, एवढीच चाचणीची पद्धत होती.

मॉनिटरचा प्रश्न पहिल्या तासातच पुढे आला. त्यांच्या टेबलावर लॅपटॉपमधून एक केबल पहिल्या मॉनिटरला आणि पहिल्यातून दुसरी केबल दुसऱ्याला अशी डिस्प्लेपोर्टची साखळी होती. विंडोजवर अशा साखळीत दोन्ही मॉनिटरवर वेगवेगळे चित्र मिळते. मॅकओएस ही पद्धत वेगळ्या चित्रांसाठी स्वीकारत नाही, त्यामुळे दुसऱ्या मॉनिटरवर पहिल्याचेच प्रतिबिंब दिसू लागले. प्रत्येक मॉनिटरला लॅपटॉपकडून स्वतंत्र जोडणी दिली आणि झाकण मिटले, तेव्हा एम३ एअरने दोन्ही मॉनिटर नीट चालवले. त्याआधीच्या एम१ आणि एम२ एअरला अधिकृतपणे एकच बाह्य मॉनिटर चालतो, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या एम४ एअरला झाकण उघडे ठेवूनही दोन चालतात. जुना मॅक स्वस्तात घेण्याचा मोह होतो तेव्हा हा फरक बहुधा घरी आल्यावरच कळतो.

एक्सेलच्या वर्कबुकची कहाणी थोडी लांब आहे. ते नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या एका माजी सहकाऱ्याने बांधलेले होते आणि त्यानंतर ज्याला जसे सुचले तशी त्यावर ठिगळे चढली होती. मॅकवरील एक्सेलमध्ये फाइल उघडली, आकडे दिसले, सूत्रे बरोबर उत्तरे देऊ लागली, आणि पहिली दहा मिनिटे सगळे आलबेल वाटले. मग बटणे दाबायला घेतली. पहिल्या पानावरची बटणे आणि निवडीच्या पेट्या ॲक्टिव्हएक्स प्रकारच्या होत्या आणि मॅकच्या एक्सेलमध्ये ॲक्टिव्हएक्स चालतच नाही. मॅक्रो, म्हणजे वर्कबुकातली कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, थेट चालवून पाहिला, तर फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही फाइली गोळा करणारा भाग अडकला. तो भाग विंडोजमधल्या फाइलसिस्टमऑब्जेक्ट या घटकावर उभा होता, तो मॅकवर नसतो. शिवाय फाइलींचे पत्ते उलट्या तिरक्या रेघांनी, ड्राइव्हच्या अक्षरासकट लिहून ठेवलेले होते. या तिन्ही गोष्टी दुरुस्त करता येण्यासारख्या आहेत. व्हीबीए ही मॅक्रोंची भाषा जाणणाऱ्या माणसाला दोन-तीन दिवस लागले असते.

दुरुस्त न होणारी गोष्ट होती पॉवर पिव्हट. मोठी मोटर सुरू होतानाचा प्रवाह पकडायचा असेल तर लॉगर दर सेकंदाला नोंद घेतो, आणि सात दिवसांत एका लॉगरच्या ६,०४,८०० ओळी होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपलीकडे काही मावत नाही, म्हणजे दुसऱ्याच लॉगरला जागा संपते. यासाठी त्या वर्कबुकात सर्व ओळी शीटवर न आणता आतल्या डेटा मॉडेलमध्ये ठेवल्या होत्या आणि त्यावर पॉवर पिव्हटने सारांश काढला होता. पॉवर पिव्हट मॅकच्या एक्सेलमध्ये नाही. हीच गणना दुसऱ्या साधनात नव्याने बांधता आली असती, पण मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय डेस्कटॉप हे स्वाभाविक पुढचे पाऊलही फक्त विंडोजवर चालते. इथे मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता की हे प्रकरण एक्सेलवर सुटणार. तो निकाल चुकीचा होता, कारण या अडचणीला एक वळसा शिल्लक होता.

वळसा आणि त्यातला खड्डा

इंटेल चिपच्या मॅकवर बूट कॅम्प वापरून विंडोज थेट बसवता येत असे. एम मालिकेच्या मॅकवर ती सोय राहिली नाही. त्याऐवजी पॅरलल्ससारख्या प्रोग्रामने मॅकच्या आत विंडोजचे आभासी यंत्र चालवता येते, आणि २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने त्याला अधिकृत मान्यताही दिलेली आहे. आम्ही पॅरलल्स बसवले, त्यात विंडोज ११, त्यात एक्सेल, आणि ते नऊ वर्षांचे वर्कबुक आपल्या सर्व ठिगळांसह चालले. बटणे चालली, मॅक्रो चालला, डेटा मॉडेल उघडले. वेगाबद्दलही तक्रार करावी असे काही नव्हते. सल्लागारांचा चेहरा खुलला, आणि खरे सांगायचे तर माझाही.

तिसऱ्या दिवशी लॉगर जोडला. पॅरलल्सने विचारले की ही वस्तू मॅकला द्यायची की विंडोजला. विंडोजला दिली. निर्मात्याचा प्रोग्राम बसला, उघडला, आणि त्याने लॉगर सापडत नसल्याचे सांगितले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या वस्तूंच्या विंडोजमधल्या यादीत, लॉगरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता.

कारण असे की एम मालिकेच्या मॅकवर चालणारी विंडोज ही आर्म, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या, प्रोसेसरसाठीची विंडोज असते. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम ती अनुवाद करत करत चालवते, आणि बहुतेक वेळा वापरणाऱ्याला ते जाणवतही नाही. पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या वस्तूशी विंडोजचे बोलणे घडवणारा दुवा, हा साध्या प्रोग्रामसारखा नसतो. तो विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसून काम करतो आणि तिथे अनुवादाची सोय नाही. निर्मात्याने आर्मसाठी वेगळा ड्रायव्हर तयार केला नसेल तर वस्तू जोडली जाते, पण ओळखली जात नाही. अनेक मोजमाप-यंत्रांच्या आत सर्वसाधारण यूएसबी-सिरियल चिप असते आणि तिचे आर्म ड्रायव्हर मिळतात. तसे असते तर हे प्रकरण इथेच मॅकच्या बाजूने मिटले असते. या निर्मात्याने मात्र स्वतःचा ड्रायव्हर लिहिला होता आणि तो फक्त इंटेल-एएमडीसाठी होता.

या एका पिवळ्या त्रिकोणाने प्रश्नाची मांडणीच बदलली. जून २०२४ पासून बाजारात आलेले स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही आर्मचेच आहेत. बॅटरी आणि शांतता या दोन्ही बाबतीत ते मॅकच्या जवळ जातात, आणि मॅक नाही तर हा, असा दुसरा पर्याय आम्ही कागदावर लिहूनही ठेवला होता. तो त्याच त्रिकोणाने बाद झाला. म्हणजे रेषा मॅक आणि विंडोज यांच्यामधून जात नव्हती. ती दोन प्रकारच्या प्रोसेसरांमधून जात होती, आणि विंडोजचे निम्मे आकर्षक लॅपटॉप रेषेच्या पलीकडे पडत होते. दुकानात विचारायला गेलेल्या माणसाला ही रेषा दिसण्याचा फारसा मार्ग नाही, कारण दोन्ही लॅपटॉपांवर विंडोज ११ असेच लिहिलेले असते.

मॅक घ्यावा आणि लॉगरपुरता जुना लॅपटॉप इंटरनेटपासून तोडून ठेवावा, असा तिसरा मार्ग सल्लागारांनीच सुचवला. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात मोठा धोका नव्हता. पण लॉगर लावायचे ते पॅनेलच्या खोलीत, बहुधा उभ्याने, पाठीवर पिशवी घेऊन. तिथे दोन लॅपटॉप न्यायचे आणि त्यातला एक दीड तास चालणारा, हे त्यांनी स्वतःच एकदा करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सूचना मागे घेतली.

विंडोजवरही सरळ मार्ग नव्हता

इंटेल प्रोसेसरचा नवा विंडोज लॅपटॉप चाचणीसाठी आणला तेव्हा काम दहा मिनिटांचे आहे असे धरून चाललो होतो. ड्रायव्हर बसवला, लॉगर जोडला, आणि पुन्हा तोच पिवळा त्रिकोण.

या वेळी कारण वेगळे निघाले. नव्या लॅपटॉपांवरील विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण सहसा आधीपासून चालू असते, आणि गाभ्यात शिरणारा जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर त्याच्या नियमांत बसत नसेल तर ते त्याला आतच घेत नाही. जुन्या लॅपटॉपवर हे संरक्षण चालू नसल्याने प्रश्न कधी उद्भवला नव्हता. संरक्षण बंद केले तर लॉगर लगेच चालला असता, आणि यावर सापडणारे बरेच सल्ले नेमके तेच सांगतात. बारा लॉगरांसाठी संपूर्ण लॅपटॉपचे दार उघडे ठेवणे मला पटले नाही. निर्मात्याला पत्र लिहिल्यावर आठ दिवसांनी ड्रायव्हरची नवी आवृत्ती मिळाली. ती तयार होती, पण त्यांच्या डाउनलोडच्या पानावर जुनीच ठेवलेली होती. नव्या आवृत्तीने त्रिकोण गेला आणि बाराही लॉगर एकेक करून जोडून पाहिले. आर्मसाठीच्या ड्रायव्हरबद्दल विचारलेल्या प्रश्नाला त्या पत्रात उत्तर नव्हते.

हे आठ दिवस लॅपटॉप विकत घेण्यापूर्वीचे होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

काय घेतले आणि का

शेवटी चौदा इंची, इंटेल प्रोसेसरचा, ३२ जीबी मेमरीचा लॅपटॉप विंडोज ११ प्रोसह घेतला. होमऐवजी प्रो घेण्याचे कारण डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरवर पूर्ण ताबा आणि कार्यालयातल्या लॅपटॉपवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येण्याची सोय, या दोन गोष्टींत होते. मेमरी १६ की ३२, यावर आमचा थोडा वाद झाला. डेटा मॉडेल पूर्णपणे मेमरीत उघडते आणि या लॅपटॉपमध्ये मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये पक्की बसवलेली असल्याने पुढे वाढवता येत नाही, म्हणून मी ३२ चा आग्रह धरला. अनेकांना हा दोष फक्त मॅकचा वाटतो, पण पातळ विंडोज लॅपटॉपांतही तो आता सर्रास आढळतो.

बॅटरी हा त्यांचा मूळ मुद्दा होता, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेने आर्मशी असलेले अंतर बरेच कमी केले आहे आणि निवड त्याच मालिकेतून केली. त्यांच्या कामाचा दिवस त्यावर निघतो, मॅकवर मात्र तो दिवस निघून वर काही उरत असे. दुसरी अडचण झोपेची. नवे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत, जागेपणाच्या काठावर राहून नेटवर्कशी बोलत राहतात, आणि त्यामुळे पिशवीतून काढताना कधी गरम तर कधी रिकामे निघतात. झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावे, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद व्हावे, अशी मांडणी केल्यावर ते थांबले. उघडल्यावर काही सेकंद थांबावे लागते, ते त्यांनी मान्य केले. आयफोनचे फोटो २०१७ पासून मुळात एचईआयसी या प्रकारात साठवले जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त सुसंगत हा पर्याय निवडल्यावर ते जेपीईजी होऊन येऊ लागले. आयफोनवरून मॅकवर बिनतारी फाइली पाठवणाऱ्या एअरड्रॉपची सहजता मात्र मिळाली नाही, आणि त्याला तितकाच चांगला पर्याय मी देऊ शकलो नाही.

ऑक्टोबरमधील फेरतपासणी

विंडोज १० चा आधार संपला त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा बसलो. सात महिन्यांत लॉगर एकदाही अडला नव्हता. ट्रॅकपॅड आणि स्पीकर यांबद्दलची त्यांची नाराजी तशीच होती, आणि चार दिवस मॅक हाताळल्याने ती उलट वाढली होती. माझ्या अंदाजातल्या दोन चुका याच बैठकीत स्पष्ट झाल्या. ३२ जीबीपैकी निम्मी मेमरीही त्यांच्या सर्वांत मोठ्या वर्कबुकने कधी घेतली नव्हती, तेव्हा वादात त्यांचे म्हणणे बरोबर होते. दुसरी चूक अधिक महत्त्वाची. मी ज्या एक्सेलवर निर्णय सुटेल असे धरले होते, ते वर्कबुक त्यांनी उन्हाळ्यात एका प्रोग्रामरकडून पायथॉनमध्ये नव्याने लिहून घेतले होते. ते आता मॅकवर, विंडोजवर, कुठेही चालते. फेब्रुवारीत अढळ वाटलेला अडथळा सहा महिन्यांत गेला, आणि वायर व ड्रायव्हर यांचा अडथळा जसाच्या तसा राहिला, कारण तो त्यांच्या हातातला नव्हता.

दरम्यान बारापैकी दोन लॉगर निकामी झाले. त्यांच्या जागी त्यांनी दुसऱ्या निर्मात्याचे असे लॉगर घेतले आहेत की जे स्वतःचे वायफाय सुरू करतात आणि ज्यांची घड्याळे व अंतरे ब्राउझरमधल्या एका पानावरून लावता येतात. ड्रायव्हर नाही, वायर नाही. जुने दहा अजून उत्तम चालतात आणि केवळ लॅपटॉपच्या आवडीसाठी ते बदलणे त्यांना परवडणारे नाही. पण उपकरणे मागवताना त्या पाठवतात त्या चौकशीपत्रात, अचूकता आणि वॉरंटी यांच्या खाली, आता एक नवी ओळ आहे : जोडणीसाठी ड्रायव्हर लागतो का, आणि लागत असल्यास तो आर्म प्रोसेसरसाठी उपलब्ध आहे का.